विम्याच्या कागदावरचं दुसरं नाव

बसबाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एवढ्या वर्षांत एकाही मुलाला ओरखडा येऊ दिला नाही. एकदा फक्त शाळेच्या फाटकाला बसचा आरसा घासून फुटला. तो त्यांनी आधी स्वतःच्या पगारातून बदलून घेतला आणि मग मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं." बसबाई म्हणाल्या, "म्हणूनच सांगितलं."

हे काम त्यांनी धरलं ते आईमुळे. आईची एक बाजू लुळी पडलेली. तिला दर तीन-चार तासांनी कूस बदलून द्यावी लागायची. शाळेच्या बसची एक फेरी सकाळी, एक दुपारनंतर. मधले चार तास मोकळे. बस शाळेच्या आवारात लावायची, झपाझप घरी यायचं, आईला पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं आणि पुन्हा चाकावर. लग्नाचा विषय या वेळापत्रकात कुठे बसलाच नाही. भाऊ होता, तो परदेशी. महिन्यातून एकदा फोन करायचा, "तब्येत?" विचारायचा. त्या "बरी" म्हणायच्या. मग तो हवापाण्याचं विचारायचा आणि चार मिनिटांत फोन संपायचा.

आई गेली आणि दुसऱ्याच वर्षी बसबाई निवृत्त झाल्या. शाळेने निरोप म्हणून पाच लिटरचा कुकर दिला. एकट्या बाईला एवढा कुकर कशाला, हे कुणाच्या डोक्यात आलं नसावं. त्या त्यात मूठभर भात लावायच्या तेव्हा तो तळाशी इतका दडून बसायचा की वाढून घेताना कोपरापर्यंत हात आत घालावा लागे.

याला आता सात वर्षं होत आली होती. इमारत तीन मजली, त्या दुसऱ्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालच्या गाड्या दिसत. कुठली गाडी कुणाची हे त्या न बघता, नुसत्या आवाजावरून सांगू शकत. पण सांगायला कुणी नव्हतं. शेजारीपाजारी वाईट होते असं नाही. सगळे हसायचे, मान हलवायचे. पण जिन्यात भेटलेल्या माणसाशी बोलायला काहीतरी विषय लागतो, आणि बसबाईंचा विषय सात वर्षांपूर्वी शाळेच्या आवारात उभा करून ठेवलेला होता. स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. तरी वाहन परवान्याची मुदत संपत आली की त्या डोळे तपासून घ्यायच्या, डॉक्टरांचा दाखला आणायच्या आणि रांगेत उभं राहून परवाना नवा करून घ्यायच्या. एकदा खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "या वयात कुठे जायचंय, आजी?" त्यांनी पावतीची घडी घालून पिशवीत ठेवली आणि रांगेतून बाहेर पडल्या.

तिसऱ्या मजल्यावर एक एकवीस वर्षांची मुलगी भाड्याने राहायला आली होती. प्रयोगशाळेत कामाला होती. पहाटे उठून लोकांच्या घरोघरी जायचं, उपाशीपोटीचं रक्त काढायचं आणि नळ्या थंड पेटीत ठेवून प्रयोगशाळेत पोचवायच्या, असं तिचं काम. इमारतीत सगळे तिला लॅबवाली म्हणत. तिने एक जुनी छोटी गाडी घेतली. ती पहिल्या दिवशी आवारात शिरली तेव्हा बसबाईंनी खिडकीतून आवाज ऐकला आणि मनात म्हणाल्या, क्लच जळणार बाई हिचा.

आठवड्याने दारावर टकटक झाली. दारात लॅबवाली, हातात कागद.

"मावशी, तुम्ही म्हणे बस चालवायचात."

"चालवायचे."

"परवाना अजून आहे?"

"आहे."

मुलीने मोठा श्वास घेतला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गाडी स्वस्तात मिळाली, पण विमा उरावर बसला. पंचविशीच्या आतला चालक, परवाना नवा, वापर कामासाठी, म्हणून कंपनी एका वर्षाला गाडीच्या निम्म्या किमतीएवढे पैसे मागत होती. तिच्या आईने फोनवर तोडगा काढला होता की गाडी मामाच्या नावावर दाखव, चालव तू. विमा एजंट मात्र याला तयार नव्हता. चालवणार एक आणि कागदावर दुसराच, हे उघडकीला आलं की कंपनी हात वर करते, असं त्याचं म्हणणं. त्यानेच दुसरा मार्ग सांगितला होता. गाडीत एक डबी बसवून घे, म्हणजे तू कशी चालवतेस ते कंपनीला कळेल. आणि मुरलेला, स्वच्छ नोंदीचा एखादा दुसरा चालक कागदावर लाव. दोन्ही केलंस तर हप्ता बराच खाली येईल.

"माझी आई चालवत नाही. ओळखीत कुणी नाही. तुमचं नाव लावू का? तुम्हाला काहीसुद्धा करावं लागणार नाही."

बसबाई दारातच उभ्या होत्या. आत ये म्हणायचं असतं हे त्यांना उशिरा आठवलं.

"आत ये. आणि नीट ऐक. काही करायचं नसेल तर नाव लावायचं नाही. दुसरी चालक म्हणून नाव लागलं तर मी चालवणार. नाहीतर तुझ्या मामाच्या आणि माझ्या नावात फरक तो काय?"

मुलगी क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, "चालवा की. गुरुवारी मला दुपारी सुट्टी असते."

दुसऱ्या दिवशी विमा एजंट आला. काखेत फाइल, पोट पुढे, बोलायला गोड. त्याने विचारलं, "कधी अपघात? दंड? नुकसानभरपाईचा दावा?"

"एकदा फाटकाला आरसा घासला."

"कधी?"

बसबाईंनी साल सांगितलं. एजंटने पेन खाली ठेवलं. "बाई, तेव्हा मी पाळण्यात होतो. ते सोडून द्या." आणि मग मुलीकडे वळून म्हणाला, "अशी नोंद मी अकरा वर्षांत पाहिली नाही. कुठून शोधून आणलंस?"

"दुसऱ्या मजल्यावरून," मुलगी म्हणाली.

तो गेल्यावर बसबाई बराच वेळ विम्याच्या कागदाच्या आपल्या प्रतीकडे बघत बसल्या. पाण्याच्या आणि विजेच्या बिलावर त्यांचं एकटीचंच नाव असायचं. आईच्या औषधांच्या कागदांनंतर, दुसऱ्या कुणाच्या नावाखाली त्यांचं नाव छापलेलं हे पहिलंच.

पहिल्या गुरुवारी त्या तासभर आधी तयार होऊन बसल्या. गाडीत बसल्या तर रस्ता अंगावर आल्यासारखा वाटला. इतक्या खालून त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. किल्ली फिरवली, गाडी एक उडी मारून बंद पडली. पुन्हा तेच. लॅबवाली ओठ दाबून खिडकीबाहेर बघत होती. तिसऱ्यांदा गाडी निघाली. पहिल्या वळणाला बसबाईंनी एवढा मोठा वळसा घेतला की समोरचा सायकलवाला थांबूनच राहिला.

"मावशी, एवढी जागा कशाला?"

"मागची बाजू यायला नको?"

"मावशी, मागे काही नाहीये. गाडी इथंच संपते."

बसबाईंनी आरशात पाहिलं. खरंच मागे काही नव्हतं. एक आखूड काच आणि थंड पेटी. त्या हसल्या. मग मुलगी हसली, आणि मग तिला ते आवरेना. अशा त्या दोघी हसत चौकापर्यंत गेल्या.

तिसऱ्या गुरुवारी मुलीने फोन पुढे केला. डबीतली नोंद त्यात दिसायची. शंभरापैकी एक आकडा यायचा. तिचा आकडा होता चोपन्न. कारण खाली लिहिलेलं: एकदम ब्रेक. आकडा पंचाऐंशीच्या वर गेला नाही तर पुढच्या वर्षी सवलत मिळणार नव्हती, उलट हप्ता वाढला असता.

"मी हळूच चालवते हो," ती रडवेली होऊन म्हणाली. "तरी हे यंत्र माझ्यावर डूख धरून आहे."

"तू चालव. मी बघते."

दहा मिनिटं त्या कधी रस्त्याकडे, कधी तिच्या पायाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू पुढच्या गाडीच्या दिव्याकडे बघतेस. तो पेटला की घाबरतेस आणि पाय मारतेस. त्या दिव्याकडे बघू नकोस. त्याच्या पुढच्या पुढच्या गाडीकडे बघ. आणि मध्ये एवढी जागा सोड की तुला पाय नुसता उचलूनच भागेल."

"जागा सोडली की लगेच कुणीतरी घुसतो."

"घुसू दे. पुन्हा सोड. घरी तो तुझ्याआधी दोन मिनिटं पोचेल, आणखी काय?"

त्यांनी तिला असं रोज थोडं थोडं शिकवलं नाही. गुरुवारचे गुरुवार शिकवलं. आदल्या रात्रीच पेट्रोल आणि चाकांतली हवा बघून ठेव, सकाळची घाई गाडीत आणू नकोस. वळण दिसलं की वळणाच्या आधी वेग उतरव, वळणात नाही. थंड पेटीतल्या नळ्या आडव्या पडल्या तर समज की आज वाईट चालवलंस. ही शेवटची गोष्ट मुलीला पटकन पटली, कारण नळ्या हा तिचा विषय होता. आकडा एकसष्ट झाला, मग सत्तर, मग अठ्ठ्याहत्तरवर येऊन बरेच दिवस अडून बसला.

बसबाईंचा आठवडा आता गुरुवारभोवती फिरू लागला. बुधवारी त्या कपड्यांना इस्त्री करायच्या. नसलेल्या कामांची यादी करायच्या: चपलेला टाका, कात्रीला धार, लांबच्या दुकानातला साबण. मुलगी पहाटेपासून उभी असायची, कधी दमून म्हणायची, "मावशी, आज तुम्हीच जाऊन या ना, मी झोपते." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा त्यांना वाईट वाटलं. तरी किल्ली घेतली.

त्या दिवशी साबण आणायला म्हणून निघाल्या, पण साबणाचं दुकान मागे पडलं तरी त्या चालवतच राहिल्या. शाळेच्या फाटकापाशी गाडी आपोआप हळू झाली. तिथून त्यांनी जुना मार्ग धरला. एकोणीस थांबे होते. पहिल्या थांब्यावर, छापखान्यासमोर, त्या थांबल्या. थांब्यावर कुणी नव्हतं. दुपारचे अडीच, आणि शाळेच्या नव्या बसचे थांबेही कधीच बदललेले. मनातल्या मनात चाळीस आकडे मोजले, आरसे पाहिले आणि निघाल्या. मग दुसरा थांबा. छापखान्याचा थांबा जुळ्या भावांचा, दवाखान्याचा त्या पोरीचा, जी चढताना रोज विचारायची, "आज तुम्हीच का?" जणू एखाद्या दिवशी दुसरं कुणीतरी असणार होतं. ती मुलं आता तिशी-चाळिशीची झाली असतील. वाटेत कुठे त्यातलं कुणी समोर आलं असतं तरी त्यांना ओळखता आलं नसतं, आणि त्यालाही त्या ओळखू आल्या नसत्या. चढतानाचा क्षण सोडला तर मुलांनी त्यांची फक्त पाठ पाहिलेली होती.

पुढच्या गुरुवारीही त्या गेल्या. त्याच्या पुढच्याही.

मुलीने एके दिवशी फोन घेऊन येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बैठक मारली. "मावशी, विचारू का एक? इथे नकाशा दिसतो. दर गुरुवारी गाडी एकोणीस ठिकाणी थांबते. प्रत्येक ठिकाणी चाळीस सेकंद. एक सेकंद इकडे नाही, तिकडे नाही. तुम्ही कुणाला घ्यायला जाता?"

बसबाई ओट्याशी कप विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला. डबीला हेही कळतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. चोरी पकडली गेल्यासारख्या त्या उभ्या राहिल्या.

"कुणाला नाही," त्या म्हणाल्या. "तुझं पेट्रोल मी भरून देईन."

"पेट्रोलचं कुठे म्हणतेय मी."

मुलगी स्टुलावरून उठली. तिनेच कप पुसून फळीवर ठेवले. कुठला कप कुठे ठेवायचा हे तिला माहीत नव्हतं, म्हणून सगळे एकाच जागी ठेवले. ती गेल्यावर बसबाईंनी ते जागच्या जागी लावले नाहीत. चार-पाच दिवस तसेच राहू दिले.

त्यानंतरच्या गुरुवारी मुलगी झोपली नाही. मागच्या बाकावर जाऊन बसली आणि म्हणाली, "चला, मला दाखवा तुमचे थांबे." बसबाईंनी दाखवले. अकराव्या थांब्यापर्यंत तिने प्रश्न विचारले, मग तिला डुलकी लागली. उरलेले आठ थांबे बसबाईंनी इतक्या हळुवार घेतले की ती जागी झाली ती घरी आल्यावरच.

वर्ष संपत आलं. मुलीचा आकडा एकोणनव्वदवर गेला होता. विमा एजंट नव्या वर्षाची सही घ्यायला आला तेव्हा ती कामावर होती, म्हणून तो दुसऱ्या मजल्यावर टेकला. पाणी प्यायला आणि बोलता बोलता बोलून गेला.

"तिचा हप्ता जवळजवळ निम्म्यावर आला बघा. पोरीने कमाल केली. खरं तर आणखी खाली आला असता, पण..." तो अडखळला.

"पण काय?"

"काही नाही, बाई."

"बोला."

एजंटने फाइल या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "तुम्हाला पुढच्या महिन्यात सत्तर पूर्ण होतात. सत्तरच्या पुढचा चालक कागदावर असला की कंपनी जास्त पैसे लावते. तुमच्या नोंदीचा प्रश्न नाही, वयाचा आहे. मी तिला म्हटलं नाव काढू. ती म्हणाली, नाव राहू दे, वरचे पैसे मी भरते, आणि मावशींना यातलं काही सांगायचं नाही. आता मी सांगून बसलो."

बसबाई त्याच्या रिकाम्या पेल्याकडे बघत होत्या. गेल्या वर्षी जे नाव लावल्याने पैसे उतरले, त्याच नावाने आता चढणार होते. नाव तेच, माणूस तोच, आणि वर्षभरात त्यांच्या हातून साधा दंडही झाला नव्हता.

"काढा नाव," त्या म्हणाल्या. "सही कुठे करायची?"

संध्याकाळी मुलगी दोन-दोन पायऱ्या चढत आली. "मला विचारायचं तरी."

"मी सत्तरची होतेय ते तुला विचारून होतेय का?"

"थोडेसेच पैसे होते, मावशी."

"थोडे असोत. ज्या नावाने तुझं नुकसान होतं ते नाव तुझ्या नावाखाली कशाला?" आणि तिचा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "तुला आता माझी गरज नाही, ही चांगली गोष्ट आहे. त्यासाठीच तर केलं ना सगळं?"

"गुरुवारी तुम्ही शेजारी बसा. बसायला नाव लागत नाही."

बसल्या. दोन-तीन गुरुवार बसल्याही. पण मुलगी आता चांगली चालवत होती. लांब बघायची, जागा सोडायची, वळणाआधी वेग उतरवायची. बसबाईंना सांगण्यासारखं काही सापडत नव्हतं. हात मांडीवर ठेवून त्या रस्ता बघायच्या आणि मुलगी तिच्या वरिष्ठांबद्दल, मैत्रिणीबद्दल बोलायची. मग एका गुरुवारी तिला कामावर जादा पाळी लागली. पुढच्या गुरुवारी मैत्रिणीचा वाढदिवस होता. त्यानंतरच्या बुधवारी बसबाईंनी इस्त्री तापवली आणि कपडे न घेताच बंद केली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मुलीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. पगार बरा, बसून काम, पहाटेची वणवण नाही. निघायच्या दिवशी तिने गाडीत गाद्या, पेट्या, कुंडी असं सगळं कोंबलं आणि किल्ली बसबाईंपुढे धरली.

"मोठ्या रस्त्यापर्यंत तुम्ही चालवा. शेवटचं."

किल्ली हातभर अंतरावर होती. बसबाईंनी हात पुढे केला नाही.

"कागदावर नाव नाही माझं."

"मावशी, दोन किलोमीटर तर आहे."

"दोन किलोमीटरमध्येच होतं जे व्हायचं ते. आणि झालं तर तुझं वर्षभराचं सगळं मातीत. तू चालव."

त्या तिच्या शेजारी बसल्या. कुंडी मांडीवर घेतली, कारण दुसरीकडे जागा नव्हती. मोठा रस्ता लागला तसं मुलीने गाडी कडेला घेतली. ब्रेक इतका अलगद लागला की कुंडीतलं पान हललं नाही. बसबाईंनी उतरून कुंडी आपल्या जागेवर ठेवली आणि तिला पट्टा लावला.

"पोचलीस की फोन कर."

"करते. दर गुरुवारी करते."

"पुढे बघून जा. मागे बघू नकोस."

ती आरशात बघणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून गाडी रांगेत मिसळून दिसेनाशी होईपर्यंत त्या सरळ उभ्या राहिल्या. मग वळून चालायला लागल्या. गाडीतून दोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पायी, उन्हातून, त्यांना पाऊण तास लागला. वाटेत दोनदा लोकांच्या पायऱ्यांवर टेकल्या. घरी आल्यावर चप्पल काढायला वाकल्या तेव्हा लक्षात आलं की कुंडीची माती कपड्यांना लागलेली आहे. ती त्यांनी झटकली नाही, ओल्या फडक्याने पुसली, कारण झटकली असती तर जमिनीवर पडली असती आणि झाडावी लागली असती.

मुलीने फोन केला. सहा गुरुवार न चुकता केला. सातव्या गुरुवारचा शुक्रवारी आला, "काल विसरलेच, मावशी." मग महिन्यातून एकदा येऊ लागला. बसबाईंनी तिला बोल लावला नाही. नव्या गावी नवी माणसं असतात, आणि एकवीस-बावीसच्या वयात दिवसाला तास कमी पडतात, हे त्यांना कळत होतं. कळत असूनही गुरुवारी दुपारी त्या फोन आवाज येईल असा जवळ ठेवायच्या.

पावसाळा संपल्यावर एका गुरुवारी त्या बाहेर पडल्या आणि गावातून फिरणाऱ्या बसमध्ये चढल्या. कुठे जायचं नव्हतं. शेवटच्या थांब्याचं तिकीट काढलं. चालकाच्या लगेच मागची जागा मिळाली. चालक जेमतेम पंचविशीचा, मानेवर नुकतेच कापलेले केस. तो पुढच्या गाडीला फार चिकटून चालवत होता. बसबाईंचा उजवा पाय आपोआप खालच्या पत्र्यावर दाबला जात होता; एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इतका जोरात दाबला गेला की पत्रा वाजला. चालकाने आरशात पाहिलं.

"आजी, काही होतंय का?"

"मला काही होत नाही," बसबाई म्हणाल्या. "तू पुढे बघ. आणि थोडी जागा सोड."

त्याने आरशातून आणखी एकदा पाहिलं. मग त्याने पाय उचलला, आणि पुढची गाडी हळूहळू दूर गेली.